उपमा, वाक्य आणि इंग्रजीचा तास

इंग्रजी भाषेविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले ते सारे गोळा करावयाचे ठरविले तर एक कपाट पुरावयाचे नाही. पण त्या साऱ्या लिखाणातून लोकांच्या स्मरणात काय उरले म्हणाल, तर एक अलंकार. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध! १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर हा शब्दप्रयोग सांगितला जातो, आणि ज्याने निबंधमालेचे एक पानही उलगडले नाही असा गृहस्थही तो मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी म्हणून दाखवितो. त्याच्या वीस वर्षे आधी, १८५४ साली, सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला होता. सावित्रीबाईंच्या एका कवितेचे नाव आहे ‘इंग्रजी माऊली’. वाचकहो, ही दोन रूपके क्षणभर शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोहोंतही आई आहे. पण एका आईला नखे आणि दात आहेत. तिचे दूध अंगी लागले तर बळ येईल, मात्र ते काढावयास गेलेला माणूस परत येईलच अशी खात्री नाही. दुसरी आई नुसती माऊली. मराठी माणूस हा शब्द विठ्ठलासाठी आणि ज्ञानेश्वरांसाठी राखून ठेवतो. ज्याच्या घरात विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती त्याला नवी भाषा वाघीण वाटली, आणि जिच्या लोकांना विद्येच्या उंबरठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते तिला तीच भाषा माऊली वाटली. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा अर्धा इतिहास या दोन रूपकांत आहे. पन्नास पानांच्या प्रबंधाने तो इतक्या थोडक्यात सांगता आला नसता.

आता आमच्या शाळांतून अलंकार ज्या रीतीने शिकविले जातात त्या रीतीने तयार झालेल्या मुलापुढे ही दोन रूपके ठेवा. तो म्हणेल, “मेटॅफर.” बरे, पुढे? पुढे काही नाही. प्रश्न संपला, गुण मिळाला. इंग्रजीच्या तासाला अलंकार हे ओळखावयाचे असतात, समजून घ्यावयाचे नसतात. आणि वाक्य हे सुधारावयाचे असते, ऐकावयाचे नसते. या दोन्ही गोष्टींबद्दल मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण माझ्या मते त्या दोन नाहीतच.

मी राहतो ते शेंद्रा. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. त्याच्या पूर्वेस जालन्याच्या रस्त्यावर आमचे गाव आहे. पूर्वी पंचक्रोशीत त्याची ओळख होती ती चैत्रात भरणाऱ्या मांगीरबाबाच्या जत्रेमुळे. ती जत्रा आजही भरते. पण आता ‘शेंद्रा’ म्हटले की लोक कारखान्यांची नावे सांगतात. २००१ साली स्कोडाच्या मोटारींचा कारखाना येथे सुरू झाला, आणि पुढे ऑरिक या नावाची नवी औद्योगिक नगरी गावाच्या शेजारी आखली गेली. ज्या रानात ज्वारी उभी राहात असे तेथे रुंद रस्ते आहेत आणि प्रत्येक फाटकावर इंग्रजी पाट्या आहेत. माझ्यासारख्या वाङ्मयावर चार ओळी खरडणाऱ्या माणसाला त्या पाट्या वाचण्याचा नाद लागणे साहजिक आहे. एके ठिकाणी लिहिलेले असते ‘सेफ्टी फर्स्ट’. यात क्रियापद नाही. तरी अर्थ पुरा आहे आणि कामगार डोक्यावर टोप चढवितो. दुसरीकडे असते ‘वर्क इज वर्शिप’. हे सरळसरळ रूपक. म्हणजे वाक्याचा आणि अलंकाराचा पहिला धडा शाळेच्या आधी कारखान्याच्या फाटकावरच भेटतो.

आमच्या गल्लीत मला इंग्रजी येते अशी एक समजूत आहे. त्यामुळे चाचणी परीक्षा जवळ आली की दोनचार मुले वह्या आणि गाईडे घेऊन “काका, हे जरा बघा ना” म्हणत ओट्यावर येतात. यांतली बहुतेक कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले. कुणाचे वडील परभणीकडून आले, कुणाचे विदर्भातून, कुणाचे थेट बिहारातून. एकदा नववीतील एका मुलीने तिची तपासलेली वही मला दाखविली. अलंकार ओळखा, असा प्रश्न होता. तिने स्वतःचे एक उदाहरणही जोडले होते: ‘माय फादर वर्क्स ॲज अ फिटर.’ त्याखाली रेघ मारून तिने लिहिले होते ‘सिमिली’. त्यावर तांबड्या शाईची फुली होती. का, ते लिहिलेले नव्हते.

मी तिला विचारले, तू हे असे का लिहिलेस? तिने वहीचे मागचे पान काढून दाखविले. तेथे फळ्यावरून उतरून घेतलेला नियम होता: वाक्यात ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ आला की सिमिली समजावी. मला सांगा, त्या मुलीच्या तर्कात चूक कोठे आहे? नियम दिला, नियम लावला, उत्तर काढले. चूक आहे ती नियमात. पण फुली बसली मुलीच्या वहीवर, आणि तिच्या मनात बसले ते हे की इंग्रजी आपल्याला यावयाचे नाही. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीपर्यंत तिने या भाषेला आठ वर्षांहून अधिक काळ दिला. त्यानंतर जर तिची अशी समजूत होत असेल तर हा दोन गुणांचा प्रश्न राहात नाही. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जे कारखाने आहेत त्यांच्या फाटकाआत जावयाचे की बाहेर राहावयाचे, हे पुष्कळ अंशी इंग्रजीवर ठरते; ही गोष्ट आवडो वा न आवडो.

तो नियम मराठीत करून पाहू या. ‘सारखा’ हा शब्द आला की उपमा! मग ‘मूल सारखे रडते’ या वाक्यात कोणती उपमा आहे? घरातली आजी सुद्धा हसेल. आणि उलट, ‘तो मांजरपावलांनी आला’ या वाक्यात सारखा नाही, जसा नाही, परी नाही, सम नाही. तरी मांजर पाऊल न वाजविता आत येते ते स्पष्ट दिसते. इंग्रजीतही हेच. ‘आय लाइक मँगोज’ यात ‘लाइक’ आहे म्हणून तेथे उपमा शोधू लागलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना हसू नये. ज्या नियमाने ‘सारखे’ रडणाऱ्या मुलाची उपमा होते त्याच नियमाने हे घडते.

आपल्या साहित्यशास्त्राने या बाबतीत किती बारकाईने विचार करून ठेवला आहे ते पाहिले म्हणजे कौतुक वाटते. उपमेची चार अंगे सांगितली आहेत: ज्याची तुलना करावयाची ते उपमेय, ज्याच्याशी करावयाची ते उपमान, दोघांत समान असणारा गुण म्हणजे साधारण धर्म, आणि चौथा तो साम्यवाचक शब्द. ‘तिचा आवाज घंटेसारखा खणखणीत आहे’ यात चारही हजर; ही पूर्णोपमा. यातले एखादे अंग गळले तरी उपमा जिवंत राहते, तिला लुप्तोपमा म्हणतात. म्हणजे ‘सारखा’ हा शब्द नसला तरी चालते, हे जुन्या शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते. इंग्रजीच्या तासाने चारांपैकी तीन अंगे सोडून दिली आणि नेमके जे गळले तरी चालेल तेवढे हाती धरले! फिटरच्या वाक्यात काय नाही? दोन वस्तूच नाहीत. बाप आणि फिटर हे एकच गृहस्थ आहेत. तुलना करावयाची कुणाची कुणाशी? मी हे त्या मुलीला एवढ्याच शब्दांत सांगितले. तिने लगेच दुसरे वाक्य केले: ‘माय फादर वर्क्स लाइक अ मशीन.’ आणि स्वतःच म्हणाली, “इथं दोघं आहेत. पप्पा आणि मशीन.” थोडा वेळ थांबून म्हणाली, “पण मशीनला सुट्टी असते.” हे शेवटचे वाक्य कोणत्याही गाईडात नाही. उपमेय उपमानापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे पडते, हे पाहणे म्हणजे व्यतिरेक अलंकाराच्या दाराशी येऊन उभे राहणे होय. दाराचे नाव तिला ठाऊक नव्हते इतकेच.

गंमत अशी की उपमेय, उपमान हे शब्द तिने मराठीच्या तासाला शिकलेले होते. विचारल्यावर तिने ते घडाघडा म्हणूनही दाखविले. परंतु मराठीच्या तासातील उपमा आणि इंग्रजीच्या तासातील सिमिली या एकाच गोत्राच्या आहेत हे तिला कुणी सांगितले नव्हते. वेळापत्रकात या दोन तासांमध्ये घंटेचा एक टोल असतो. मुलाच्या डोक्यात त्याची भिंत होते.

आमच्या या भागात तर अशा दोन नव्हे, तीन विद्या एकत्र नांदल्या. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते आणि शाळांतून उर्दूचे प्रस्थ होते. त्या काळी शिकलेली जुनी माणसे उपमेला ‘तश्बीह’ म्हणत आणि रूपकाला ‘इस्तिआरा’. त्या शास्त्रातही तुलनेची अंगे वेगळी काढून, समान गुण कोणता ते नेमके सांगावे लागते. ज्या शहराने वली औरंगाबादीसारखा कवी उर्दूला दिला, त्याच शहराच्या परिसरातील मुलाला आज तुलना म्हणजे ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ एवढेच शिकावयास मिळावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

आता वाक्याकडे वळू. अलंकार शब्दात असतो अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. आपल्याकडे लक्षणेचा विचार करताना ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण शेकडो वर्षे देत आले आहेत. ‘गंगा’ हा शब्द सुटा घेतला तर त्यात काहीच वावगे नाही, आणि ‘गवळीवाडा’ या शब्दातही नाही. ते दोन शब्द एका वाक्यात आले म्हणजे मन अडखळते. पाण्यावर वाडा कसा असेल? सरळ अर्थ अडतो, त्याला शास्त्रात मुख्यार्थबाध म्हणतात. आणि मग मन शेजारचा अर्थ शोधते: गंगेच्या काठावर. शिवाय काठ म्हणण्याऐवजी गंगा म्हटल्याने गारवा आणि पावित्र्य पदरात पडते ते वेगळेच. म्हणजे वाक्य कळल्याखेरीज अडखळणे नाही, आणि अडखळल्याखेरीज अलंकार नाही. विश्वनाथाने काव्याची व्याख्या करताना शब्द न धरता वाक्य धरले, रस हा ज्याचा आत्मा आहे असे वाक्य. ते उगीच नव्हे. पश्चिमेत आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ साली रूपकाचा विचार करताना शब्दांच्या अदलाबदलीची जुनी कल्पना मोडीत काढली आणि रूपक हा दोन विचारांमधला व्यवहार आहे असे मांडले. दोन टोकांकडून निघालेली माणसे एकाच पाणवठ्यावर आली.

आणि आमच्या शाळेत? व्याकरणाचा प्रश्न वेगळा, कवितेचा वेगळा. व्याकरणाच्या तासाला मूल वाक्य सुधारते, ज्याला काही सांगावयाचेच नाही असे वाक्य. आणि कवितेच्या तासाला अलंकार शोधते, ज्याचे वाक्य त्याला लागलेले नाही असा अलंकार.

वाक्याची प्रथमपाठाची व्याख्या तरी पाहा. सब्जेक्ट म्हणजे काम करणारा. ठीक आहे, ‘रामाने आंबा खाल्ला’ यात राम काम करतो. पण ‘मला आंबा आवडतो’ यात कोण काय करतो? आवडतो आंबा. क्रियापद आंब्याच्या मागे जाते: आंबा आवडतो, चिंच आवडते, बोरे आवडतात. मी बाजूला बसून आहे. इंग्रजीत मात्र मी उठून वाक्याच्या तोंडाशी येतो आणि ‘आय लाइक’ म्हणतो. ‘मला भूक लागली’ यात भूक येऊन मला लागते. इंग्रजीत मीच भुकेला असतो. मराठीत ताप येतो, राग येतो, झोप लागते, आठवण होते. या साऱ्या पाहुण्यासारख्या आपल्याकडे येतात. इंग्रजी वाक्यरचना माणसाला बहुधा मध्यावर उभे करते. यात एक भाषा खरी आणि दुसरी खोटी असे काही नाही. परंतु हा फरक ज्याला एकदा दाखविला त्या मुलाची निम्मी ‘चुकीची’ वाक्ये आपोआप सुधारतात, असा माझा ओट्यावरचा अनुभव आहे. ‘हिज नेम गणपत’ असे मूल लिहिते ते आळसाने नव्हे. ‘त्याचे नाव गणपत’ हे मराठीत संपूर्ण वाक्य आहे; त्याला ‘आहे’ची गरज नाही. इंग्रजीला ती आहे. इतके सांगावयास अर्धा मिनिट लागतो. तांबडी फुली मारावयास त्याहून कमी लागतो, एवढेच तिचे श्रेष्ठत्व.

एका लहानग्याने मला विचारले होते, “काका, ‘इट इज रेनिंग’ मधला इट कोण?” मोठा प्रश्न आहे! मराठीत पाऊस पडतो. पडणारा पाऊस असतो. इंग्रजीत कुणीतरी ‘इट’ नावाचा अदृश्य असामी पाऊस पाडतो. खरे तर तो कुणीच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून तेथे एक बाहुले बसविले आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी उठून गेले तरी पान मांडून ठेवतात, तसे. हे ऐकून तो मुलगा खूष झाला. व्याकरणाच्या तासाला खूष होणे ही गोष्ट आपण फारच दुर्मिळ करून ठेवली आहे.

या बाबतीत आमचे पूर्वज अधिक जागे होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. त्यात इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यांपुढे होता, पण मराठीच्या अंगाला तो कोठे काचतो याची जाणीवही पुढच्या व्याकरणकारांत वाढत गेली. मोरो केशव दामल्यांचा १९११ सालचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ उघडून पाहावा. कर्ता कोणाला म्हणावे यावर त्यांनी किती खल केला आहे! मोडीतील जुन्या कागदांत तर वाक्य कोठे संपले हे दाखविणारे चिन्हच नसे. पूर्णविराम, स्वल्पविराम ही इंग्रजी अमदानीतील देणगी आणि तिचे श्रेय मेजर कँडी या गृहस्थांकडे जाते. तेव्हा मराठी वाक्याचे शेवटचे टोक पाहावयास आपण इंग्रजीकडूनच शिकलो. ही देवघेव जुनी आहे. लाज बाळगण्याचे कारण नाही आणि गर्व करण्याचेही नाही.

आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला! द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या या तीन भागांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या. तिची चेष्टा पुष्कळांनी केली आहे आणि तिच्यात चेष्टेजोगे आहेही. परंतु एक गोष्ट तिने केली: मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर बसविले. आज इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे असे म्हणतात. ज्या घरी इंग्रजीची चार वाक्ये कानांवर पडतात तेथे ते शोभेल. ज्या मुलाच्या कानांवर ती कंपनीच्या पाटीपलीकडे कधी पडतच नाहीत, त्याच्या हातून मराठीचा दिवा काढून घेऊन त्याला अंधारात ढकलणे याला मी सुधारणा म्हणणार नाही.

हा दिवा नसला म्हणजे काय होते ते ‘खाणे’ या एका क्रियापदावरून पाहा. मराठी माणूस काय काय खातो! भाकरी खातो हे ठीक. पण तो मार खातो, शिव्या खातो, पैसे खातो, हवा खातो, भाव खातो, गोते खातो, आणि लाडात आलेले मूल आईचे डोके खाते. मुलाने लिहिले ‘ही एट बीटिंग’ तर वर्ग हसतो. वास्तविक येथे थांबून विचारावयास हवे की, बाबा, मार कधी खाता येतो का? मग आपण तसे का म्हणतो? मुलांना तेव्हा प्रथमच कळते की आपण दिवसभर अलंकारांतच बोलत असतो. कवितेत ते फक्त उजेडात येतात. लॅकॉफ आणि जॉन्सन या दोन अमेरिकन पंडितांनी १९८० साली एक पुस्तक लिहून हेच प्रतिपादन केले, की रूपक हा भाषेचा दागिना नसून रोजच्या विचाराची चाकोरी आहे. इंग्रज वेळेला पैसा समजतो म्हणून तो वेळ खर्चतो, वाचवितो, गुंतवितो. आपणही वेळ घालवितो, दवडतो, काढतो. मुलाला एकदा हा खेळ समजला की ‘मार खाणे’ याचे इंग्रजी करताना तो शब्द नेत नाही, वाक्य नेतो.

कवितेच्या बाबतीत या शिक्षणाचे दारिद्र्य सर्वांत अधिक दिसते. दहावीच्या इंग्रजीच्या परीक्षेत कवितेचे रसग्रहण विचारतात. नाव छान आहे. प्रत्यक्षात कवितेचे शीर्षक, कवीचे नाव, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि कविता का आवडली, अशी रकाने भरण्याची ती पद्धत होऊन बसली आहे. आणि का आवडली याचेही उत्तर गाईडात छापलेले मिळते. दुसऱ्याला का आवडले ते पाठ करून आपल्याला आवडल्याचे सांगावयाचे!

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता आपल्या देशात किती पिढ्यांनी घोकली याची गणती नाही. फूल न पाहता ती शिकतात म्हणून पुष्कळ टीका झाली. मला फुलाची तितकी काळजी वाटत नाही. ती चित्रात दाखविता येतात. मला काळजी वाटते ती ढगाची. कवी आरंभीच आपल्या एकट्या भटकण्याला ढगाची उपमा देतो. ढग तर शेंद्र्यातही आहे! म्हणजे येथे काही समजावून देण्याची गरजच नाही असे शिक्षकाला वाटते, आणि येथेच घोटाळा होतो. मराठवाड्यातल्या मुलाला एकटा ढग म्हणजे काय? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसे अजून घरोघरी आहेत. आकाशात एकटाच ढग येणे म्हणजे आशा दाखवून निघून जाणे. आठवीतल्या एका मुलाला मी विचारले, कवी स्वतःला एकटा ढग का म्हणत असेल? तो म्हणाला, “त्याच्यावर कोणाचा भरवसा नसंल.” गाईडातील उत्तर होते: ‘ॲज’ हा शब्द वापरला आहे म्हणून सिमिली.

आता या दोन उत्तरांत वाङ्मयाच्या जवळचे कोणते? मुलाचे, याबद्दल मला शंका नाही. पण ते बरोबर आहे काय? नाही, आणि येथे मुलाची भलावण करून थांबणे हे सुद्धा शिकविणे नव्हे. त्याला सांगावयास हवे की, वर्ड्‌स्वर्थचा सरोवरांचा मुलूख हा इंग्लंडातील अतिशय पावसाळी भाग. तेथे ढगांना तोटा नाही, तेथे ढगाची कुणी वाट पाहात नाही. अशा ठिकाणी एकटा ढग म्हणजे कळपातून सुटलेला, उंचावरून सावकाश जग न्याहाळणारा, कुणाचे देणे नसलेला. आपल्याकडचा ढग नेहमी कुणाचे तरी काम घेऊन निघालेला असतो. कालिदासाने त्याच्या हाती निरोप दिला. आमच्याच जिल्ह्यातल्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांच्या १९६७ सालच्या ‘रानातल्या कविता’ ज्याने वाचल्या त्याला ढग आणि पेरणी वेगळी काढता येत नाहीत. आणि त्या मुलाला आणखी एक गोष्ट सांगावी. वर्ड्‌स्वर्थच्या बहिणीची, डोरोथीची, रोजनिशी उपलब्ध आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी ती फुले दिसली तेव्हा ती त्याच्या बरोबरच चालत होती. कवी एकटा नव्हताच! मग वाक्यात तो एकटा का झाला? कर्त्याच्या जागी त्याने फक्त ‘मी’ का ठेवला? पाहा, व्याकरणाचा प्रश्न आणि कवितेचा प्रश्न येथे एकच झाला. माझ्या ओट्यावर या प्रश्नावर अर्धा तास भांडण चालले होते. एकाचे म्हणणे कवी खोटे बोलतो. दुसरीचे म्हणणे, बहीण बरोबर असली तरी माणूस मनात एकटा असू शकतो. मी निकाल दिला नाही.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या मुलांना इतके झेपावयाचे नाही. या आक्षेपाला उत्तर देण्यास दूर जावे लागत नाही. आमच्या जिल्ह्यातच पैठण आहे, आणि पैठणजवळच गोदावरीकाठी आपेगाव, ज्ञानेश्वरांचे गाव. एकनाथांची भारुडे या भागात आजही रात्री रंगतात. विंचवाचे भारूड सुरू झाले की सोंग घेतलेला माणूस तळमळतो, श्रोते हसतात, आणि अक्षरओळख नसलेली म्हातारीही जाणते की हा विंचू नांगीचा नव्हे, आतल्या विकारांचा आहे. पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत चालणारे ते एक लांबलचक रूपक आहे. ते समजावयास तिला कोणी व्याख्या दिली नव्हती. सरळ अर्थ कोठे अडतो ते तिच्या कानाला कळते, कारण वाक्य तिचे आहे. तिच्या नातवाला इंग्रजी वाक्य तसे स्वतःचे वाटू लागेपर्यंत मेटॅफर, पर्सनिफिकेशन, ऑक्सिमोरॉन ही नावे म्हणजे ओसाड घराच्या किल्ल्यांचा जुडगा.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, मुलांना नोकरी करावयाची आहे. चार शुद्ध वाक्ये आली म्हणजे झाले, कविता आणि अलंकार कशास? या मंडळींनी एकदा कारखान्यात जाऊन ऐकावे. माल तुंबला की तेथे ‘बॉटलनेक’ म्हणतात, येऊ घातलेले काम ‘पाइपलाइन’मध्ये असते, यंत्र ‘डाऊन’ होते आणि माणसाला ‘फायर’ करतात. कवितेच्या पुस्तकात सापडणार नाहीत इतकी रूपके एका पाळीत कानांवरून जातात, आणि ज्याला ती कळत नाहीत तो व्याकरणाने शुद्ध असूनही मुकाट उभा राहतो. गेल्या वर्षी शिकाऊ म्हणून लागलेला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी आला होता. ‘डेडलाइन’ म्हणजे मुदत, हे त्याला ठाऊक होते. त्यात मेलेले काय आहे ते त्याला हवे होते. मी सांगितले की अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत आतल्या बाजूने एक रेघ ठरविलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालीत. ती डेडलाइन. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “मग ‘डेडलाइन मीट करणे’ म्हणजे काय हो काका? रेघेला भेटायला कोण जातं?”

त्या दिवशी आमचा चहा दोनदा झाला.